मोठ्या कंपनीच्या अधिग्रहण टीमचा मेल आलाय: बोलायचं का, आणि किती सांगायचं?

पर्वरी_प्रॉडक्ट

नमस्कार मंडळी. पर्वरीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हॉटेल, गेस्टहाउस आणि होमस्टे यांचं बुकिंग, दर आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. माणसं ११. गेल्या आर्थिक वर्षाची उलाढाल २ कोटी ४० लाख, त्यातला मोठा भाग वार्षिक वर्गणीचा, आगाऊ येणारा. आम्ही दोघे संस्थापक मिळून ६५ टक्के, ५ कोटी घातलेल्या एका फंडाकडे २५ टक्के, ईसॉपसाठी (कर्मचाऱ्यांना द्यायच्या शेअरसाठी) राखलेले १० टक्के. बँकेचं कर्ज ७० लाख, त्याला आमची दोघांची वैयक्तिक हमी. रोकड ५० लाख, आताच्या खर्चाने नऊएक महिने पुरेल.

प्रवास क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीच्या कॉर्पोरेट डेव्हलपमेंट, म्हणजे अधिग्रहण टीमचा मेल आला आहे. 'एकत्र काम करण्याच्या शक्यतांवर बोलू' असं लिहिलंय, आणि सोबत मागणी: गेल्या २४ महिन्यांचे महिनावार आकडे, ग्राहकांची यादी, प्रॉडक्टचा सविस्तर डेमो. विकायचा विचार नव्हता, पण दार बंद करावं असंही वाटत नाही. प्रश्न असे: उत्तर काय द्यायचं, कोणती माहिती कोणत्या टप्प्यावर द्यायची, किंमत विचारली तर आकडा सांगायचा का, आणि फंडाला कधी कळवायचं? ऑक्टोबरपासून मोसम सुरू होतो, तेव्हा आमची सपोर्टची माणसं मान वर काढू शकत नाहीत, हेही लक्षात घ्या.

सौदा_वही

मेल आला म्हणजे ऑफर आली असं धरू नका. कोणत्या क्षेत्रात कोण काय करतंय, कुणाची वाढ किती, कुणाची रोकड संपत आली, याची यादी ताजी ठेवणं हे या टीमचं रोजचं काम. वर्षभरात त्या शेकडो कंपन्यांशी बोलतात आणि मोजक्याच घेतात. त्यांच्या बाजूला बोलण्यासाठीच पगार घेणारी माणसं आहेत. तुमच्या बाजूला तोच तास विक्रीतून किंवा सपोर्टमधून काढावा लागतो.

अशा फोनमागे सहसा तीनपैकी एक हेतू असतो. धंदा विकत घेणं, माणसं घेणं, किंवा 'हे आपणच बांधावं की विकत घ्यावं' याचा अंदाज घेणं. प्रश्न कशाभोवती फिरतात त्यावरून ओळखता येतं. वर्गणी किती टिकते, ग्राहक का सोडून जातात, दर वाढवले तर काय होतं, असं विचारत असतील तर धंद्यात रस आहे. इंजिनिअर किती, कुणी कुठे काम केलंय, सगळे आमच्या शहरात येतील का, हे आधी आलं तर माणसं हवी आहेत. अशा सौद्यात किंमत उलाढालीवर ठरत नाही, डोक्यांच्या संख्येवर ठरते. आणि चॅनल मॅनेजरशी (अनेक बुकिंग साइटवरचे दर आणि खोल्या एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी) जोडणी कशी केली, कुठला डेटाबेस, दर बदलायचा नियम कसा लिहिलाय, असे प्रश्न पहिल्याच फोनवर आले, तर तिसरा हेतू समजा आणि तिथेच थांबा.

म्हणून पहिलं उत्तर चार ओळींचं असू द्या. आशय असा: 'संपर्काबद्दल आभार. कंपनी विक्रीला काढलेली नाही, पण योग्य प्रस्ताव असेल तर ऐकू. पुढे जाण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं: तुमच्याकडच्या कोणत्या व्यवसाय विभागाला यात रस आहे आणि त्याचा प्रमुख पहिल्या फोनवर असेल का, गुंतवणूक, पूर्ण खरेदी की व्यावसायिक करार, यातलं काय मनात आहे, आणि निर्णय कोण, किती आठवड्यांत घेतं.' सोबत एक फाइल नको, डेमोची तारीख नको.

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अधिग्रहण टीम सौदा चालवते, पण पैसा ज्या विभागाच्या बजेटमधून जातो त्याचा प्रमुख मागे उभा नसेल तर सौदा आतल्या समितीत पडतो. तो प्रमुख ३० मिनिटांच्या फोनला यायला तयार नसेल, तर तुमचं नाव फक्त यादीत चढलंय. तेव्हा 'सहा महिन्यांनी बोलू' म्हणा आणि कामाला लागा. यात काही गमावत नाही. खरा खरेदीदार सहा महिन्यांनीही येतो.

नऊ महिन्यांची रोकड ही मात्र तुमची कमजोर बाजू आहे. पहिल्या गंभीर फोनपासून पैसे खात्यात पडेपर्यंत सहा ते नऊ महिने सहज जातात. समोरच्याला तुमची रोकड कळली की तो घाई करत नाही. तारखा पुढे ढकलतो, आणि शेवटच्या आठवड्यात किंमत खाली आणतो. एलओआय (खरेदीचा इरादा आणि मुख्य अटी मांडणारं पत्र) येण्याआधी रोकडीचा आकडा देऊ नका. आणि सौद्याच्या भरवशावर फंड उभारणं किंवा खर्च कमी करणं थांबवू नका. हे वाक्य तुमच्या भागीदारालाही वाचून दाखवा.

कागद_आधी

वरच्याशी सहमत. कागदांबद्दल लिहितो.

एनडीए (गोपनीयतेचा करार) त्यांचा आला तर चार कलमं शोधा. एक, 'डोक्यात राहिलेली माहिती' वापरायची मुभा देणारं कलम. मोठ्या कंपन्यांच्या छापील मसुद्यात ते शेवटच्या पानावर असतं. ते काढायला सांगा, कारण ते राहिलं तर बाकीचा एनडीए पोकळ होतो. दोन, तुमची माणसं आणि ग्राहक फोडायचे नाहीत ही बंदी, निदान १२ महिन्यांची आणि त्यांच्या समूहातल्या सगळ्या कंपन्यांना लागू. तीन, माहिती कोण पाहणार: अधिग्रहण टीम, वित्त, वकील. तुमच्याशी स्पर्धा करणाऱ्या प्रॉडक्टवर काम करणारे नकोत. चार, बोलणी थांबली तर फायली नष्ट केल्याचं लेखी पत्र. आणि मुदत २ ते ३ वर्षं.

एनडीए झाला म्हणून सगळं उघडायचं नाही. तो मोडला हे कोर्टात सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून खरं संरक्षण टप्प्याटप्प्याने माहिती देण्यातच आहे. एलओआयआधी: तीन वर्षांची वार्षिक उलाढाल, वाढीचा दर, वर्गणी नूतनीकरणाची टक्केवारी, एकूण ग्राहकसंख्या, विभागवार माणसांची संख्या, आणि वरवरचा डेमो, तोही तुम्ही चालवलेला, लॉगिन देऊ नका. एलओआयनंतर: महिनावार आकडे, करारांचे नमुने, पगार (नावं झाकून), कराची विवरणपत्रं. एसपीएचा (शेअर विक्रीच्या अंतिम कराराचा) मसुदा जवळपास पक्का झाल्यावर: मोठ्या ग्राहकांची नावं आणि त्यांचे दर, सोर्स कोडची तपासणी. कोडची तपासणीसुद्धा बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून, अहवालापुरती; रिपॉझिटरीची प्रत नाही.

तुमच्या बाबतीत एक जादा सावधगिरी. हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्यांची ओळखपत्रं आणि परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टच्या प्रती असतात. ती माहिती हॉटेलाची आणि पाहुण्याची आहे, तुमची नाही. डेमोला खोटा डेटा वापरा. डेटा रूममध्ये (खरेदीदाराला कागद दाखवायच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये) खऱ्या पाहुण्याची एकही ओळ जाता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे खरेदीदाराचा वकील हाच मुद्दा तुमच्याविरुद्ध मांडू शकतो.

आता एलओआय. 'हा बंधनकारक नाही' असं वर लिहिलेलं असलं तरी गोपनीयता, खर्च, न्यायक्षेत्र आणि एक्सक्लुझिव्हिटी ही कलमं बंधनकारकच असतात. एक्सक्लुझिव्हिटी म्हणजे ठरावीक काळ दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. ते ९० दिवस मागतील. ३० ते ४५ वर आणा. आणि एक वाक्य घाला: खरेदीदाराने किंमत किंवा मुख्य अटी खाली आणायचा प्रस्ताव दिला, की एक्सक्लुझिव्हिटी त्याच दिवशी संपेल. एलओआयवर सही होईपर्यंत जोर तुमच्याकडे असतो, सहीनंतर त्यांच्याकडे जातो. म्हणून किंमत, रोख आणि उशिराचे पैसे यांचं प्रमाण, एस्क्रोची (किमतीतून काही काळ तिसऱ्याकडे अडकवून ठेवायची) रक्कम आणि मुदत, नुकसानभरपाईची मर्यादा, संस्थापकांनी किती काळ राहायचं, हे सगळं एलओआयमध्येच आकड्यांनी लिहून घ्या. 'पुढे ठरवू' असं सोडलेलं प्रत्येक कलम नंतर तुमच्या खिशातून जातं.

स्पर्धा न करण्याचं कलम नेहमी दोन ठिकाणी येतं, नोकरीच्या करारात आणि शेअर विक्रीच्या करारात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल असतो. अपवाद धंद्याचा गुडविल (नावलौकिक) विकणाऱ्याचा, आणि तोही वाजवी मर्यादेत. म्हणजे नोकरी सोडल्यानंतरची बंदी टिकणं कठीण, पण विक्रीच्या करारातली टिकू शकते. ती नीट वाचा. 'प्रवास आणि आदरातिथ्य क्षेत्रातलं कोणतंही सॉफ्टवेअर' अशी व्याप्ती मान्य केलीत, तर गोव्यात राहून पुढची तीन वर्षं करायला फार काही उरणार नाही. आज विकता तेच प्रॉडक्ट, तोच ग्राहकवर्ग, एवढंच ठेवा.

आकडेमोड_फोंडा

मंडळी, किंमत सांगायची की नाही यावर चर्चा होईलच. आधी त्या किमतीतून हातात काय पडतं ते पाहा. उदाहरणापुरता १२ कोटींचा प्रस्ताव धरतो.

१२ कोटी ही कंपनीची किंमत, शेअरची नाही. कर्ज वजा रोकड म्हणजे २० लाख गेले. आगाऊ घेतलेल्या वर्गणीपैकी अजून न दिलेली सेवा खरेदीदार देण्यासारखी धरतो. इथेच सगळ्यांचा हिशेब चुकतो, कारण संस्थापकाच्या डोक्यात ती कमाई असते. ती ४५ लाख धरा. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजा १५ लाख, वकील आणि सल्लागार २० लाख. एकूण एक कोटी वजा, राहिले ११.

पुढे फंडाच्या करारातलं लिक्विडेशन प्रेफरन्सचं (विक्रीच्या पैशांतून आधी फंडाला किती, हे ठरवणारं) कलम काढा. 'पार्टिसिपेटिंग' असेल तर फंड आधी आपले ५ कोटी घेतो आणि उरलेल्या ६ कोटींतही २५ टक्के, म्हणजे दीड कोटी. फंडाला ६.५०, ईसॉपला ०.६०, तुम्हा दोघांना मिळून ३.९० कोटी. 'नॉन-पार्टिसिपेटिंग' असेल तर फंड ५ कोटी किंवा ११ चे २५ टक्के (२.७५) यातलं मोठं निवडतो, म्हणजे ५. उरलेले ६ कोटी ६५ ला १० या प्रमाणात वाटले जातात: तुम्हाला ५.२०, ईसॉपला ०.८०. एका शब्दाने तुमचे १ कोटी ३० लाख इकडचे तिकडे होतात. तो करार आज रात्रीच वाचा.

पार्टिसिपेटिंगच धरून पुढे जाऊ. प्रत्येकी १ कोटी ९५ लाख. त्यात १५ टक्के एस्क्रोत आणि ३० टक्के अर्न-आउट (ठरलेलं उद्दिष्ट गाठल्यावर नंतर मिळणारी रक्कम) असेल, तर सौद्याच्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यात साधारण १ कोटी ७ लाख येतात. १२ कोटींच्या बातमीतले एवढेच.

कर: शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले असतील तर नफा दीर्घकालीन, आणि २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. उत्पन्न १ कोटीच्या वर गेलं की १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून १४.९५ टक्के पडतो. १ कोटी ९५ लाखांवर साधारण २९ लाख, कारण तुमची मूळ खरेदी किंमत नगण्य असणार. ज्या वर्षी शेअर हस्तांतरित झाले त्या वर्षी नंतर मिळणाऱ्या ठरलेल्या रकमेवरही कर मागितला जाऊ शकतो. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या रोखीतून कर बाजूला काढून ठेवा, एस्क्रोच्या भरवशावर राहू नका.

आता गोव्याची खास गोष्ट, जी मुंबई-बेंगळुरूच्या वकिलांच्या सहसा लक्षात येत नाही. गोव्यात कौटुंबिक बाबतीत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि त्यात कंपनीचे शेअरही आले. आयकर कायद्यातही याची दखल आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ): या संहितेखालच्या दांपत्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं, भांडवली नफासुद्धा. म्हणजे वरचे १ कोटी ९५ लाख प्रत्येकी साडेसत्त्याण्णव लाख होतात. बाकीचं उत्पन्न धरूनही प्रत्येकाचं एकूण १ कोटीच्या आत राहिलं तर अधिभार १० टक्के, दर १४.३. रकमेत फरक सव्वा लाखाचा, फार नाही. पण विवरणपत्र चुकीचं भरलं तर नोटीस दोघांना येते.

इथेच अर्न-आउटचा धोका समजून घ्या. 'संस्थापक नोकरीत राहिला तरच मिळेल' असं लिहिलं असेल, तर ती रक्कम शेअरची किंमत नसून पगार आहे असं आयकर खातं म्हणू शकतं. मग १२.५ ऐवजी स्लॅबचा दर, म्हणजे ३० टक्के अधिक अधिभार. आणि पगार असल्याने जोडीदारात विभागणीही नाही. नोकरीची अट आणि किंमतीचा हप्ता वेगवेगळ्या कागदांवर ठेवा.

ही संहिता कंपनी गोव्यात असल्याने लागू होत नाही, माणसाला लागू होते. दोघांपैकी कुणी कामानिमित्त बाहेरून येऊन स्थायिक झालेला असेल तर त्याची स्थिती वेगळी असू शकते. ज्याला लागू आहे त्याच्या जोडीदाराची संमती खरेदीदाराचा वकील मागेल असं धरूनच चला. घरी आत्ताच सांगा. शेवटच्या दिवशी सहीसाठी कागद पुढे करणं बरं नव्हे.

पर्वरी_प्रॉडक्ट

आकडेमोड बाब, मनापासून आभार. करार काढून पाहिला, पार्टिसिपेटिंगच आहे. माझं लग्न म्हापशात नोंदवलेलं, वेगळा करार नाही; भागीदार मूळचा कोल्हापूरचा, लग्न तिकडेच. म्हणजे दोघांची गणितं वेगळी.

दोन शंका. ते सारखं 'तुमची अपेक्षा सांगा' म्हणतात, त्याला काय म्हणायचं? आणि खरेदी परदेशी मूळ कंपनी करणार असेल तर काय बदलतं?

वर्गणीवाला

पहिला आकडा आपण सांगायचा नाही हा सल्ला सगळे देतात. इथे माझं मत वेगळं आहे. ज्या किमतीखाली तुम्ही विकणारच नाही, ती माहीत असेल तर दुसऱ्या फोनवर ती तळरेषा म्हणून सांगा. फंडाने ५ कोटींना २५ टक्के घेतले म्हणजे त्यांनी कंपनी २० कोटींची धरली होती. समोरच्याच्या डोक्यात ४ कोटी असतील तर तीन महिने डेटा रूम भरून ते कळण्यात काय अर्थ? तळरेषा सांगितल्याने ८० टक्के फोन तिथेच संपतात, आणि ते संपायलाच हवेत.

सौदा_वही

वर्गणीवाला, तळरेषा सांगणं आणि अपेक्षा सांगणं यात फरक आहे, आणि घाईत माणूस पहिलं सांगायला जाऊन दुसरं सांगून बसतो. तुम्ही १२ म्हणालात की चर्चा १२ पासून खाली येते. वर जात नाही. त्यापेक्षा असं म्हणा: 'शेवटची गुंतवणूक कोणत्या किमतीला झाली ते कंपनी निबंधकाकडच्या कागदात दिसतं. त्याच्या आसपास विचार नसेल तर दोघांचा वेळ वाचवू. असेल तर तुमचा पल्ला सांगा.' शेअर वाटपाचा पीएएस-३ फॉर्म सार्वजनिक असतो, त्यांनी तो बहुधा पाहिलेलाही असतो. यात गाळणी लागते आणि आकडाही त्यांच्याच तोंडून येतो.

फंडाला कधी कळवायचं हे राहिलं. विभागप्रमुखाबरोबरचा पहिला फोन झाला की लगेच. शेअरधारक करारात विक्रीला फंडाची पूर्वसंमती हे कलम जवळजवळ नक्की असणार. शिवाय वरच्या गणितात फंडाला १२ कोटींतही आपल्या पैशांवर दीड कोटी जास्त मिळतात आणि तुम्हाला दोघांत ३.९०, म्हणजे ज्या किमतीला फंड 'घ्या' म्हणेल तिथे तुम्हाला परवडेलच असं नाही. ही ओढाताण खरेदीदारासमोर होऊ देऊ नका. प्रेफरन्सचा काही भाग सोडण्याबद्दल फंडाशी आधी बोला. संस्थापक खूश नसतील तर सौदा पडतो हे फंडालाही कळतं, त्यामुळे हे मागणं अवाजवी नाही.

कागद_आधी

परदेशी खरेदीदाराबद्दल. निवासी भारतीयाकडून अनिवासीला शेअर जाताना किंमत रीतसर मूल्यांकनापेक्षा कमी चालत नाही. उशिरा द्यायची रक्कम एकूण किमतीच्या २५ टक्क्यांहून जास्त नाही, आणि करारापासून १८ महिन्यांच्या आत. म्हणजे ३० टक्के अर्न-आउट दोन वर्षांवर, अशी रचना परदेशी कंपनीकडून थेट बसतच नाही. हस्तांतरणाचा एफसी-टीआरएस फॉर्म ६० दिवसांत, बँकेमार्फत. भारतातली उपकंपनी खरेदी करणार असेल तर नियम वेगळे, म्हणून 'करारावर कोणत्या कंपनीची सही' हे एलओआयआधी विचारा.

आणि सौदा झाला नाही तरी पुढचं काम आत्ता, पावसाळ्यातच उरकून घ्या, कारण ड्यू डिलिजन्समध्ये (खरेदीदाराच्या सविस्तर तपासणीत) किंमत याच गोष्टींवरून कापली जाते.

फ्रीलान्सरांनी लिहिलेला कोड. पगारी माणसाचं काम सहसा कंपनीच्या मालकीचं ठरतं, कंत्राटी माणसाचं आपोआप ठरत नाही. लेखी हस्तांतरण लागतं, आणि त्यातही कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ आडवं येतं: मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमच्या सुरुवातीच्या कोडची ५ वर्षं कदाचित संपतही आली असतील. प्रत्येकाकडून 'कायमस्वरूपी, जगभर' असा नवा कागद करून घ्या. खरेदीदार दारात आहे हे कळल्यावर त्याच सहीची किंमत वाढते.

बँकेची वैयक्तिक हमी. शेअर विकले म्हणून ती सुटत नाही. कंपनी दुसऱ्याची, कर्ज दुसऱ्याचं आणि हमी तुमची, अशी अवस्था होऊ शकते. हमीमुक्तीचं बँकेचं पत्र ही सौदा पूर्ण होण्याची पूर्वअट म्हणून एसपीएत लिहा. भागधारक बदलण्याआधी बँकेची परवानगी लागते का तेही मंजुरीपत्रात पाहा.

बाकी भराभर: डोमेन, ॲप स्टोअरची खाती, क्लाउडचं खातं हे सगळं कंपनीच्या नावावर आणा, संस्थापकाच्या वैयक्तिक मेलवर नको. शेअर डीमॅट करून घ्या. आयएसआयएन (डीमॅट शेअरचा ओळख क्रमांक) मिळायला काही आठवडे जातात आणि नेमका तोच कागद शेवटी अडतो. डीमॅट नसतील तर एसएच-४ या हस्तांतरणाच्या फॉर्मवर ०.०१५ टक्के मुद्रांक आणि सहीपासून ६० दिवसांत कंपनीकडे. जीएसटीच्या २बी (खरेदीवरच्या कराची आपोआप तयार होणारी यादी) आणि ३बी (आपण भरलेलं विवरणपत्र) मधला फरक आधी मिटवा. ग्राहक करारात मालकी बदलल्यास करार संपवण्याचं कलम कुठे आहे, त्याची यादी करा.

आकडेमोड_फोंडा

एक भर. साचलेला तोटा पुढे ओढता येईल म्हणून खरेदीदार जास्त देईल, अशी आशा ठेवू नका. निम्म्याहून जास्त शेअर दुसऱ्याच्या हाती गेले की आधीच्या वर्षांचा धंद्यातला तोटा सहसा लयाला जातो. उत्पन्नातून अजून वळता न झालेला घसारा मात्र टिकतो.

अर्न-आउटचं मोजमाप नफ्यावर घेऊ नका, उलाढालीवर घ्या. सौद्यानंतर खर्च कुठे टाकायचा ते खरेदीदार ठरवतो; मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा तुमच्या माथी आला की नफा दिसणारच नाही. आणि मोजण्याचा काळ पूर्ण बारा महिन्यांचाच हवा. सहा महिन्यांचे दोन टप्पे केले तर एक टप्पा जून ते सप्टेंबरच्या रिकाम्या खोल्यांवर पडतो. दर किंवा प्रॉडक्टचं नाव त्यांनी बदललं, किंवा तुम्हाला विनाकारण काढलं, तर उरलेली पूर्ण रक्कम तत्काळ देय, हेही लिहून घ्या.

पर्वरी_प्रॉडक्ट

ठरवलंय ते असं. सौदावहींनी सांगितलेलं चार ओळींचं उत्तर उद्या पाठवतो. बोलणी मी एकटा करणार, भागीदार धंदा बघणार. एलओआयपर्यंत आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त नाही. ड्यू डिलिजन्स चतुर्थीनंतर सुरू झालं तर मोसमात अडकेल, म्हणून एलओआय जुलैअखेर आला नाही तर थेट मार्चनंतर. ऑफिसात कुणाला सांगायचं नाही. एलओआयनंतर फक्त इंजिनिअरिंगची प्रमुख आणि हिशेब बघणारा. पहिल्या टप्प्यात ग्राहकांची नावं न देता फक्त गाव आणि खोल्यांची संख्या असा तक्ता देतोय. ठीक ना?

सौदा_वही

बाकी ठीक, पण तो तक्ता देऊ नका. गोवा लहान आहे. 'आगोंद, ३८ खोल्या' एवढं लिहिलं की हॉटेल कोणतं ते प्रवास कंपनीला पाच मिनिटांत कळेल, कारण तीच हॉटेलं त्यांच्याही साइटवर आहेत. दोन स्वतंत्र तक्ते करा. एकात उत्तर गोवा, दक्षिण गोवा आणि राज्याबाहेर एवढीच ग्राहकसंख्या. दुसऱ्यात खोल्यांप्रमाणे तीन गट: १० च्या आत, १० ते २५, आणि २५ च्या वर. दोन्ही एकाच तक्त्यात जोडायचे नाहीत, आणि ज्या गटात पाचपेक्षा कमी ग्राहक असतील तो शेजारच्या गटात मिसळून टाका. एक्सेल पाठवू नका, पीडीएफ पाठवा. एक्सेलमध्ये लपवलेली मूळ यादी तशीच राहून जाते आणि दोन क्लिकमध्ये उघडते.